शेंगोळ्यांचं पान आणि उत्रेश्वरराव

उत्रेश्वररावांना ‘कसे आहात’ असं विचारायची सोय नव्हती. ते थांबत, मान जराशी तिरकी करत आणि उलट विचारत, “कालच्यापेक्षा, का मागल्या साली याच दिवशी होतो त्यापेक्षा?” तोवर विचारणारा बिचारा चार दुकानं पुढं गेलेला असे. मग राव स्वतःशीच पुटपुटत, “कालच्यापेक्षा बरा,” आणि आपल्या वाटेला लागत. उत्तर अर्धवट ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, ऐकायला कोणी असो वा नसो.

बायकांच्या आमच्या गटात ते आले तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. साऱ्या नोकरीत महसूल खात्याच्या लहान लहान कचेऱ्यांतून त्यांनी रोज सकाळी पाऊस मोजला. पाऊस पडला तर मोजायचा आणि नाही पडला तरी जाऊन, वाकून बघून, ‘नाही’ असं लिहायचं. “न पडलेला पाऊस लिहायला जास्ती अक्कल लागती, बाई,” असं ते मला म्हणाले होते. मला ते तेव्हा बाष्कळ वाटलं. मी तेव्हा अवघी त्रेसष्ट वर्षांची होते. सत्तरी ओलांडल्यावर आता त्या त्रेसष्टीच्या पोरीचं मला फार हसू येतं. प्राथमिक शाळेत जन्मभर मास्तरकी केलेली, गटाची सचिव, आणि आपल्याला सगळं समजतं अशी पक्की खात्री. गणितात मी कधी नापास झाले नाही, पण पेपरही मीच काढत होते.

आमचं ऑनलाईन दुकान होतं. धाराशिवात गिरणीच्या मागं एक खोली. हुलग्याचं पीठ, कारळ्याची चटणी, शेंगदाण्याची चटणी एवढाच माल. वेबसाईट पुण्याच्या दोन पोरांनी करून दिली होती. दर सोमवारी तिचा एक रंगीत ग्राफ यायचा, तो मी छापून आणून खोलीच्या भिंतीला चिकटवायची. हिरवी रेघ. वर वर चाललेली. अशी रेघ रोज समोर असली की माणसाला आपण स्वतःच वर चाललोय असं वाटायला लागतं.

अध्यक्षीणबाईंनी उत्रेश्वररावांना आणलं ते वेबसाईटकडं बघायला. सकाळचे दोन तास. कॉम्प्युटर ते निवृत्तीनंतर व्हिडिओ बघून शिकले होते. एकेक वाक्य ऐकायचं, थांबवायचं, करून बघायचं, पुन्हा ऐकायचं. दहा मिनिटांचा व्हिडिओ त्यांना दोन दिवस पुरायचा. आता स्कूटर होती, तरी पँटीच्या पायाला सायकलची क्लिप असायचीच. चहा अर्धाच घ्यायचे आणि कपातला उरलेला अर्धा किती गार झाला ते मधून मधून बोट लावून बघायचे. त्यांची बायको एकदा आमच्याकडं हुलगे निवडायला आली होती, ती म्हणाली, “साऱ्या जिल्ह्याचा पाऊस पाठ हाय ह्यांला. भाकरी किती खाल्ल्या इचारा बरं! दोन म्हणतेत. मी चार थापल्या व्हत्या अन् टोपलं रिकामं.”

पहिल्याच दिवशी ते माझ्या ग्राफासमोर हात मागं बांधून उभे राहिले. लई वेळ.

“छान आहे ना?” मी म्हटलं.

“छान हाय. कुठला हाय?”

“कुठला म्हणजे? आपल्या दुकानाचा.”

“तसं न्हाय. दारात पावना आला की आपुन गाव इचारतो का न्हाय? मग आकडा आला की का इचारू नये? ह्यो कुठून निघाला, कुणी मोजला, वाटंत कुठं कुठं थांबला?”

मी हसले. शाळेत असे चौकस वाटणारे विद्यार्थी मी मागच्या बाकावर बसवत असे.

आता रुक्मिणबद्दल सांगते, कारण पुढं जे झालं त्यात खरं पणाला लागलं ते तिचंच. रुक्मिण ईट गावची. मुलगी धाराशिवला कॉलेजात, म्हणून दोघी एक खोली भाड्यानं घेऊन राहिलेल्या. ती खोली आणि ते कॉलेज चालायचं रुक्मिणच्या पार्सलच्या कामावर. ऑर्डर आली की आमच्या खोलीतल्या लहानशा यंत्रातून पत्त्याची चिठ्ठी निघायची. रुक्मिणनं माल भरायचा, चिठ्ठी चिकटवायची, फोनवरचं ‘पाठवलं’ हे बटण दाबायचं आणि पार्सल नेणाऱ्याच्या हाती द्यायचं. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. बटण रंगावरून ओळखायची.

राव आले त्या आठवड्यात ग्राफानं विक्री दाखवली एकेचाळीस. पार्सलं गेली सतरा.

हे मी शोधलं, बरं का. मोठ्या अभिमानानं. बैठकीत उभी राहून मी सांगितलं की चोवीस ऑर्डरी बुडाल्या, रुक्मिण चुकीचं बटण दाबून उडवत असणार नाहीतर चिठ्ठ्या हरवत असणार. हे अक्षरओळख असलेल्या माणसाचं काम आहे. माझी एक भाची मोकळी होती. ती माझीच भाची होती हा निव्वळ योगायोग. मी इतिवृत्ताच्या वहीत सुवाच्य अक्षरात ठराव लिहिला: ‘पार्सलचे काम श्रीमती रुक्मिण यांजकडून काढून घ्यावे.’ खाली सहीही ठोकली.

रुक्मिण दाराशी बसली होती. ती एवढंच म्हणाली, “बाई, म्या एकबी चिठ्ठी टाकली न्हाय.”

“तुला समजायचं नाही ते,” मी म्हटलं. अजून कानात आहे माझा तो आवाज. शाळेतला.

उत्रेश्वरराव कोपऱ्यात होते. त्यांनी विचारलं, “चोवीस जणांनी माल मागवला अन् तो पोचला न्हाय?”

“हो.”

“किती जणांचा फोन आला?”

“कसला फोन?”

“शिव्या द्यायचा. चोवीस माणसांला माल मिळाला न्हाय अन् एकानंबी फोन करून शिवी दिली न्हाय? आपल्या देशात?”

बायका हसल्या. मला हसू आलं नाही. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, “राव, तुमचं म्हणणं काय?”

“म्हणणं काय न्हाय. मला चार दिवस द्या. तवर रुक्मिणबाईंला हलवू नका.”

त्या खोलीत तिला ‘रुक्मिणबाई’ कोणी म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. आम्ही सगळ्या ‘रुक्मे’ म्हणायचो, तीही ओ द्यायची.

दुसऱ्या दिवशी ते तिच्यासमोर खाली बसले आणि विचारलं, “तुमी कशा मोजता?” तिनं आढेवेढे घेत एक जुना डबा पुढं केला. चिठ्ठी निघाली की एक हुलगा डब्यात. आठवडा संपला की ते हुलगे परत पोत्यात; या खेपेला ठपका आला म्हणून तिनं त्या आठवड्याचे तसेच वेगळे ठेवलेले. रावांनी डबा वर्तमानपत्रावर पालथा केला आणि एकेक दाणा बोटानं सरकवला. सतरा. दुकानाच्या ऑर्डरींच्या यादीतही सतरा. “हे यंत्र नीट चालतंय,” ते म्हणाले आणि दाणे जपून डब्यात भरले.

“अहो, ती हुलगे मोजते आणि तुम्ही ग्राफाच्या वर धरता ते?” मी तडकले.

“बाई, हुलगा टाकताना त्या हजर व्हत्या. ग्राफात टिंब टाकताना कोन हजर होतं?”

पुण्याला फोन लावला. पोरगा गोड बोलला. “सर, थोडाफार फरक असतोच.”

“थोडाफार म्हंजी? किती थोडा अन् किती फार?”

 पोरगा म्हणाला की विक्री कशी मोजतो त्याची माहिती पाठवतो. त्यानं ती पाठवलीसुद्धा. राव ती दोन दिवस वाचत बसले, एकेक ओळ, ओठ हलवत.

त्या दोन दिवसांत चहाच्या वेळी त्यांनी मला नोकरीतली एक गोष्ट सांगितली. कुठल्याशा गावी भर उन्हाळ्यात पर्जन्यमापकात पाणी निघायला लागलं. आभाळ कोरडं ठणठणीत, आणि मापकात दोन-तीन मिलिमीटर. साहेब म्हणाले लिहून टाक, निघालंय ते निघालंय. राव म्हणाले नाही लिहीत. ते टोपी घालून, भाकरी बांधून मापकापाशी दिवसभर बसून राहिले. दुपारी शेजारच्या क्वार्टरमधल्या बाई आल्या, ओलं नऊवार झटकलं आणि वरच्या तारेवर टाकलं. त्याचा काठ बरोबर मापकावर. “थेंब थेंब गळत व्हतं, बाई. मापक खोटं बोलत नव्हतं. त्याला काय माहीत, पाऊस कुठला अन् धुणं कुठलं? तवापासनं मी यंत्राला शिव्या देत न्हाय. जिथं पडतंय तिथं जाऊन बसतो.”

“मग त्या बाईंना बोललात?”

“काय बोलायचं? तार दोन हात सरकवली. लुगडं सुंदर व्हतं.”

चौथ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. कॉम्प्युटर मधोमध ठेवला, रुक्मिणला चिठ्ठीच्या यंत्रापाशी बसवलं. “आता मी गिऱ्हाईक,” ते म्हणाले आणि अर्धा किलो हुलग्याचं पीठ मागवलं. धाराशिवहून धाराशिवला, माल घरी आल्यावर पैसे. यंत्र खरखरलं.

“निघाली, काका. एक,” रुक्मिण म्हणाली.

थोड्या वेळानं कॉम्प्युटरवरच्या ग्राफातही एक वाढला. मी मान हलवली, म्हणजे बघा, चालतंय.

“आता मी काय इकत घेत न्हाय. नुसतं पान उघडतो.” आणि ऑर्डर पूर्ण झाल्यावर येतं ते ‘धन्यवाद’चं पान त्यांनी पुन्हा उघडलं. मिटलं. उघडलं. पाच वेळा. मग चहा मागवला आणि अर्धा प्यायले. तोवर ग्राफात आणखी पाच वाढले होते.

“चिठ्ठी?” त्यांनी विचारलं.

“न्हाय. एकच निघाली.”

 ते पान माझं होतं.

त्याचं असं झालं होतं. सुरुवातीला त्या पानावर नुसतं ‘धन्यवाद, तुमची ऑर्डर मिळाली’ एवढंच असायचं. मला ते फार कोरडं वाटलं. एवढ्या लांबचं माणूस आपल्या दारात आलं आणि त्याला नुसतं धन्यवाद म्हणून वाटेला लावायचं? आमच्याकडं आलेल्या बाईला कुंकू लावल्याशिवाय, हातावर काहीतरी ठेवल्याशिवाय कोणी उठू देत नाही. म्हणून मी पुण्याच्या पोरांना सांगून त्या पानावर हुलग्याच्या शेंगोळ्यांची कृती घातली होती. साधीसुधी नाही. पाण्याला आधण कसं यावं, लसूण किती ठेचावा, शेंगोळं वळताना तळहात कसा चालवावा, माझ्या सासूबाई त्यात काय चुकायच्या, सगळं. आणि शेवटी ठळक अक्षरात: ‘हे पान जपून ठेवा. करताना समोर उघडून ठेवा. बहिणीला, जावेला जरूर पाठवा.’

लोकांनी ठेवलं. उघडलं. बहिणींना, जावांना पाठवलं. कुठं कुठं स्वयंपाकघरात ते पान दिवसातून तीनदा उघडत होतं, आणि पुण्याच्या पोरांनी विक्री मोजायची खूण त्याच पानावर लावलेली असल्यानं दरवेळी आमच्या ग्राफात एक पाकीट विकलं जात होतं. शेंगोळी शिजत होती भलतीकडं आणि वाफ चढत होती आमच्या भिंतीवर.

“बाई, तुमी सकाळी फोनवर काय उघडता?” उत्रेश्वररावांनी अगदी हळू विचारलं.

मी रोज सकाळी चहाबरोबर ते पान वाचत असे. माझंच लिहिलेलं, मलाच आवडायचं. म्हणजे गेले कित्येक महिने मी रोज सकाळी स्वतःलाच एक पाकीट विकत होते, आणि सोमवारी ग्राफ बघून खूश होत होते.

“थांबा, अजून हाय,” राव म्हणाले. आता त्यांनी दुसरी ऑर्डर दिली, फोनवरून पैसे भरले आणि भरल्या भरल्या फोन खिशात घातला. धन्यवादाच्या पानाकडं फिरकलेच नाहीत. यंत्र खरखरलं, चिठ्ठी निघाली. ग्राफ ढिम्म. त्या सतरांतले चार जण असेच होते. पैसे भरून निघून गेलेले. आमच्या ग्राफाच्या दृष्टीनं ते जन्मालाच आले नव्हते. “इकडं धुणं गळतंय अन् तिकडं खरा पाऊस बाहीर पडतोय,” ते म्हणाले. लुगड्याची गोष्ट फक्त मला ठाऊक होती, म्हणून हसायचं तर मीच हसायला हवं होतं. नाही हसले.

दुरुस्तीला आठवडा गेला. पुण्याच्या पोरांनी राव सांगतील तसं केलं. शेंगोळ्यांना त्यांचं वेगळं पान मिळालं, जिथं काहीच मोजलं जात नाही. प्रत्येक ऑर्डरीला नंबर असतोच, तो एकदा मोजला की पुन्हा कितीही वेळा आला तरी मोजायचा नाही असं ठरलं. पैसे भरून परत न येणाऱ्यांची नोंद आता दुकान स्वतःच कळवतं, गिऱ्हाईक पानावर येवो न येवो. आणि आमच्या सगळ्यांचे फोन मोजणीतून बाहेर. माझा सगळ्यात आधी.

पुढच्या सोमवारी ग्राफ आला तो असा धाडकन खाली! खोलीत सुतक पडलं. कोणी म्हणालं, “राव आले अन् इक्री पडली.” अध्यक्षीणबाईसुद्धा भिंतीकडं बघत म्हणाल्या, “आधीचंच बरं दिसत होतं हो.”

उत्रेश्वररावांनी ते मनावर घेतलं नाही. ते इतिवृत्ताची वही घेऊन माझ्यापुढं आले. मी तो ठरावाचा कागद टरकवायला हात घातला.

“फाडू नका.”

“मग? खोडरबरनं पेन जात नाही, राव.”

“आमच्याकडं चूक पुसत न्हायत. एकच आडवी रेघ मारायची. खालचं वाचता आलं पायजे. बाजूला बरोबर काय ते लिहायचं अन् ज्यानं चूक केली त्यानंच सही करायची.”

साऱ्या बायका बघत होत्या. पोरांच्या चाळीसेक तुकड्यांच्या वह्यांवर मी लाल शाईनं रेघा मारल्या असतील, पण स्वतःच्या ओळीवर मारताना हात असा जड होतो हे मला त्रेसष्टाव्या वर्षी कळलं. मारली रेघ. बाजूला लिहिलं, ‘सतरा चिठ्ठ्या, सतरा पार्सले. रुक्मिण यांची मोजणी बरोबर.’ सही केली. मग मी वही बाजूला ठेवून रुक्मिणकडं गेले आणि म्हणाले, “चुकलं माझं, रुक्मिणबाई.”

ती म्हणाली, “मला वाचता येत न्हाय बाई, पर मोजता येतंय.” आणि जरा थांबून, “वाचायलाबी शिकवा की. तुमी मास्तरीण हाव ना?”

उत्रेश्वररावांनी तेवढ्यात कपातल्या चहाला बोट लावून पाहिलं. त्यांना हसू दाबायचं असलं की ते हेच करायचे, हे मला उशिरा समजलं.

मग रोज चार वाजता पार्सलांच्या ढिगाआड आमची शाळा भरू लागली. शिष्या हट्टी, आणि गुरू त्याहून. मी अक्षर गोल काढायला सांगे, ती म्हणे, “गोल कशाला, पोचलं म्हंजी झालं.” तिची मुलगी घरी तिचा अभ्यास घेई. राव येता-जाता बघत, बोलत काही नसत.

दोन-अडीच वर्षं ते आमच्याकडं होते. मग नाशिकला मुलीकडं कायमचं राहायला जायचं ठरलं. जायच्या दिवशी मी आणि रुक्मिण स्टँडवर गेलो. राव बसमध्ये खिडकीशी बसलेले, शेजारी बायको पिशव्या सांभाळत. रुक्मिणनं पदराआडून एक पार्सल काढलं. गिऱ्हाईकाला बांधावं तसं चौकोनी, कडा दाबलेल्या. वर यंत्राची चिठ्ठी नव्हती. तिनं स्वतःच्या हातानं सबंध पत्ता लिहिला होता, जन्मातला पहिला. रावांचं नाव, लेकीचं घर, गल्ली, नाशिक, पिनकोड.

“हाती द्यायचं तर पत्ता कशाला लिहिला गं?” मी म्हटलं.

“असू द्या की. बघू द्या काकांला.”

तिनं खिडकीतून पार्सल वर दिलं आणि खाली उभी राहून त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. राव चष्मा सारून वाचू लागले, ओठ हलवत, एकेक शब्द. पिनकोडाशी आले. बोट एकेका आकड्यावर सरकलं आणि शेवटच्यावर थांबलं. मलाही खालून दिसलं. सहाऐवजी सात आकडे होते.

 या माणसानं आमच्या साऱ्या गटाला एकेका टिंबाचा हिशेब द्यायला लावला होता. ते चूक सोडतील हे शक्यच नव्हतं.

“बरोबर हाय का, काका?” रुक्मिणनं विचारलं.

उत्रेश्वरराव म्हणाले, “एकदम बरोबर.”

कंडक्टरनं घंटी दिली. बस हलली. रावांनी पार्सल दोन्ही हातांनी खिडकीत असं धरलं की पत्ता आम्हाला दिसावा. बस फाटकातून वळेपर्यंत ते तसंच धरून होते, आणि त्यांचा अंगठा त्या सातव्या आकड्यावर दाबून बसलेला होता.